कोण कोणाच्या घरी गेलं

"कोन कोनाच्या घरी गेला, ते आदी सांगा."

पुस्तक कुठलंही असो, काकांचा पहिला प्रश्न हाच असायचा. चष्मा कपाळावर सारायचे, मासळी घेताना बघावं तसं पुस्तक उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे. मी सांगेपर्यंत पुस्तक पिशवीत जायचं नाही.

नोकरी लवकर सोडून मी खांदा कॉलनीत एका इमारतीच्या तळमजल्यावर छोटं वाचनालय काढलं, तेव्हाची ही गोष्ट. काका उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातून बस बदलून यायचे. तरुणपणी बोटीवर गेलेले, मग बंदरात क्रेन चालवली, आता निवृत्त. उन्हानं करपलेला रंग, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणाचा तरी पत्ता विचारायला आलेत. म्हणाले, "भुताचं काय हाय तुमच्याकडं?"

दर शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे चौघांची बैठक जमायची. मी, काका, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे देसाई सर आणि आयटी कंपनीत नोकरी करणारी श्रावणी. ही मुलगी इंग्रजीतल्या ड्रॅगनबिगनच्या हजार हजार पानी कादंबऱ्या वाचायची आणि स्वतःही लिहायची. मी नवीन कपाटं आणली होती. कुठल्या कपाटात काय ठेवायचं, यावरून वादाला तोंड फुटलं आणि तो वाद काही वर्षं चालला.

सरांचं म्हणणं, निसर्गनियम मोडले की अद्भुतकथा, मोडले आणि माणूस घाबरला की भयकथा. श्रावणी म्हणायची, "सर, इट्स नॉट दॅट सिंपल. फँटसीत मॅजिकला पण रूल्स असतात." मी दोघांच्या मध्ये चहा ठेवायची. काका बशीत ओतलेला चहा संपवायचे आणि मग बोलायचे.

"भूत आपल्या घरी आला, ती भयकथा. आपुन भुताच्या घरी गेलो, ती अद्भुत. संपला विषय."

सर डोळे मिटून उदाहरणं आठवू लागले आणि त्यांना एकही उलटं उदाहरण सापडेना.

"आणि रहस्यकथा?" श्रावणीनं विचारलं.

"घरी कोन येऊन गेला, तेच कळत नाय."

"प्रेमकथा?"

"दोघांना एकमेकांच्या घरी जायचंय नि घरचे सोडत नाय."

"विज्ञानकथा सांगा, काका," सर म्हणाले.

काकांनी बशी खाली ठेवली. "घर अजून बांदलाच नाय. पन पत्ता दिलाय."

त्या दिवशी सर इतके हसले की चहा शर्टावर सांडला.

पुढे पुढे काका स्वतःच पुस्तकं लावू लागले. एकदा मला भयकथांच्या कपाटात पाककृतींचं पुस्तक सापडलं. मी विचारलं तर म्हणाले, "बाय, ह्याच्यात लिवलाय, सुरमई वीस मिनिटं उकळवा. वाचून रात्रभर झोप नाय मला." दुसऱ्यांदा अद्भुतकथांमध्ये एका बिल्डरचं गुळगुळीत पत्रक निघालं. विमानतळाजवळ, खाडीदर्शन फ्लॅट. "खाडी बुजवून तर बांदलाय. दर्शन कशाचा देनार?" ते पत्रक आम्ही तिथंच राहू दिलं. सभासद कौतुकानं उघडून बघायचे.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. कमी शिकलेला, पण ज्याच्यासमोर आपण आपलं शिक्षण जरा आवरून बसतो.

मग थंडीतल्या एका शनिवारी श्रावणीनं स्वतःची पहिली मराठी कथा वाचली. वादळात बुडालेला एक खलाशी सात वर्षांनी घराचं दार वाजवतो. बायको दार उघडते. दारात तो उभा, अंगातून पाणी निथळतंय, केसांत शेवाळ. ती किंचाळते. सकाळी शेजाऱ्यांना उंबऱ्यावर नुसतं खाऱ्या पाण्याचं थारोळं सापडतं.

तिनं छान वाचली. सरांनी हातावरचे उभे राहिलेले केस दाखवले. "अस्सल भयकथा! काय काका, घरीच आलं की नाही भूत?"

काकांनी चष्मा उतरवून डबीत ठेवला. "आज लवकर जातो," म्हणाले. पुस्तक न घेताच गेले.

पुढचा शनिवार ते आले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. फोन लागायचा, सून उचलायची, "बरे हायत, येतील," म्हणायची. श्रावणीच्या मनाला लागलं. "ताई, मी त्यांच्या लोकांवर लिहिलं. मला काय माहितीये समुद्रातलं? त्यांना राग आला असणार." चौथ्या शनिवारी मी वाचनालय बंद ठेवलं आणि आम्ही दोघी तिच्या स्कूटरवरून त्यांच्या गावाला गेलो.

काका धक्क्यावर बसले होते. आम्हाला बघून उठले, शर्ट झटकला. श्रावणी माफी मागायला लागली तर त्यांनी हातानं तिला थांबवलं.

"रागावलो नाय गं पोरी. बस."

मग खाडीकडे बघत त्यांनी सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ बोटीवर होता. एकदा वारा सुटला. बोट परत आली, तीन खलाशी आले, तो नाही आला. गावानं चार दिवस शोधलं. काका तेव्हा सोळा वर्षांचे होते.

"आई दाराला कडी लावू देईना. कोन बोलला, तो गेला, तर बोलायची, 'गेला नाय, उशीर झालाय त्याला.' ताटात भात काडून ठेवायची. अकरा वर्षा. मरेपर्यंत."

श्रावणी मान खाली घालून ऐकत होती.

"तुझ्या गोष्टीत ती बाय किंचाळते," काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "आमची आई किंचाळली नसती. पंचा घेऊन धावली असती. बोलली असती, किती भिजलास रे, डोका पूस आदी."

एक होडी धक्क्याला लागली, माणसं टोपल्या उतरवू लागली.

"मी इतकी वर्षा तुमाला शानपना शिकवला, घरी आला तर भयकथा म्हनून. त्या दिवशी माजा मलाच कळेना, ही कुठल्या कपाटात ठेवायची. म्हनून आलो नाय."

परतताना श्रावणीनं कळंबोलीच्या अलीकडे स्कूटर बाजूला घेतली आणि हेल्मेट न काढताच रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. माझ्या डोक्यात ती दारातली बाई होती, हातात पंचा घेतलेली.

दोन शनिवारांनी काका आले. श्रावणीनं कथा पुन्हा लिहिली होती. आता दार बायको नव्हे, आई उघडत होती. ती त्याला आत घेते, पुसते, भात वाढते. तो जेवतो. उजाडताना तो उठतो, तेव्हा ती विचारते, "परत उशीर करशील?" कथा तिथं संपत होती.

वाचून झाल्यावर सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आता बराबर हाय," काका म्हणाले. मग, "मला ह्याचा कागद देशील? घरी न्यायचाय."

तिनं तिच्या हातातलेच कागद दिले. ते त्यांनी घडी न घालता, दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवून नेले.

त्यानंतर ते तीन वर्षं येत राहिले. वाद चालू राहिले, पण आपला नियम काका आता जरा हसून सांगायचे आणि शेवटी, "तसा काय नक्की नाय," असं जोडायचे. श्रावणीची बदली बंगळूरला झाली. सर निवृत्त होऊन मुलाकडे गेले. शनिवारी मग आम्ही दोघंच उरलो. बोलणं कमी, वाचणं जास्त.

ते गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर कळवलं. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्या आठवड्यात मला जाता आलं नाही. महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेले.

काकूंना मी पहिल्यांदाच भेटत होते. ओटीवर बसून त्या सुपात जवळा, ती बारीक सुकी मासळी, निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "तू पुस्तकवाली बाय ना?" सुनेनं पाणी दिलं. बोलणं अडखळत चाललं होतं, तेवढ्यात काकू आत गेल्या आणि आमच्या वाचनालयाचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. दोन डोंगरांमध्ये हरवलेल्या गावाची कादंबरी. निम्म्यावर बसचं तिकीट घातलेलं.

मला वाटलं, परत द्यायला आणलंय. मी हात पुढे केला.

"मला वाचता येत नाय," काकू म्हणाल्या. "रोज सांजचे ते वाचून दाखवायचे. सगली पुस्तका. तुज्याकडून आनलेली सगली." मग जरा घुटमळल्या. "ती पोर नदी उतरून गेलीय पलीकडं. पुडं काय झाला तिचा?"

इतकी वर्षं काका एकट्यासाठी पुस्तकं नेतात, असं मी धरून चालले होते.

मी तिकीट काढून बाजूला ठेवलं आणि वाचायला लागले. काकूंनी सूप मांडीवर ओढलं. पहिलं पान मी भरभर वाचलं, आवाज नीट लागत नव्हता म्हणून. त्यांनी जवळ्यातला हात काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"सावकास," त्या म्हणाल्या. "ते सावकास वाचायचे."

मी पान वरपासून पुन्हा सुरू केलं.