मोगऱ्याने केलेली पंचाईत

माझी मावशी कपडे दुरुस्त करून द्यायची. नवं काही शिवायची नाही. "नवे शिवणारे पुष्कळ आहेत, बिघडलेलं सरळ करणारी मी एकटी," असं ती म्हणायची, तेही तोंडात टाचण्या धरून, त्यामुळे गिऱ्हाइकाला अर्धंच कळायचं. तिची खोली रस्त्याला लागून होती. खिडकीखाली मशीन, भिंतीला लांब आरसा आणि दारापुढच्या चिंचोळ्या जागेत मोगऱ्याची दाट झुडपं.

लग्न तिने केलं नव्हतं. तरुणपण आजोबांच्या आजारपणात गेलं आणि आजोबा गेल्यावर तिला एकटं राहण्याची चटकच लागली. वाटेल तेव्हा जेवायचं, वाटेल तेवढ्या मोठ्याने रेडिओ लावायचा. पन्नाशी उलटली तरी काही उणं आहे असं तिला वाटत नव्हतं.

मशीन अडलं की मशीनवाले यायचे. ते विधुर होते, अंगाने किडकिडीत, बोलणं मोजकं. तेल घालायचे, पट्टा आवळायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. एका उन्हाळ्याच्या शेवटी, मोगऱ्याचा बहर ओसरत असताना, त्यांनी फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, "आता नीट चालेल. एक विचारू का? आपण लग्न केलं तर?"

मावशी टाचणी गिळता गिळता राहिली. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण नाही म्हणावंसं वाटेना. हो म्हणायची तर छातीच होईना. समोर झाडाखाली फुलं गळून पडलेली दिसली, तेव्हा सुचलं तसं ती बोलून गेली, "पुन्हा मोगरा फुलेल ना, तेव्हा सांगते."

"चालेल," ते म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. नंतरही येत राहिले, पण त्या विषयाचा चकार शब्द नाही. मावशी निवांत झाली. अख्खा पावसाळा, अख्खा हिवाळा हाताशी होता. विचार करायला एवढा वेळ मिळाल्यावर तिने अजिबात विचार केला नाही.

त्या वर्षी मात्र हिवाळा वाट चुकला. थंडी म्हणून पडली नाही. लोकांनी कपाटातून काढलेले स्वेटर परत कपाटात कोंबले. दुपारी पंखे फिरू लागले. त्यातच एकदा झोडपून पाऊस झाला, पाठोपाठ कडक ऊन पडलं, आणि मोगऱ्याला कोवळी पालवी फुटली. पालवीच्या टोकांना कळ्या होत्या.

माझी आई सहज म्हणून बहिणीकडे गेली, तर मावशी हातात कात्री घेऊन झुडपात वाकलेली.

"ताई, अगं कळ्या का कापतेस?"

"कीड लागलीय."

आईने एक कळी उचलून पाहिली. पांढरीशुभ्र, टवटवीत. "कीड झाडाला नाही, तुझ्या डोक्याला लागलीय. काय झालंय ते सांग." मग मावशीने सगळं सांगितलं, आणि आई पायरीवर बसून पोट धरधरून हसली.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" मावशी वैतागली. "माझ्या आरशासमोर कोणी दाढी करत उभं राहिलं तर मी काय करू? रेडिओ बारीक कर म्हणालं तर?"

"विचार की त्यांना. मला काय विचारतेस?"

शेंडे छाटल्याने झुडपं उलट जोमाने वाढली. छाटलेल्या प्रत्येक फांदीला नवे फुटवे आले, त्यांना आणखी कळ्या, आणि एका सकाळी सगळी झुडपं पांढरी झाली. गल्लीभर वास. येणारा-जाणारा थबकून विचारी, "मावशी, या दिवसांत मोगरा?" दुरुस्तीला आलेल्या कोटांनाही तो वास लागला. आता लपवायला जागाच उरली नाही.

नेमकं तेव्हाच मशीन अडलं. खरंच अडलं, मावशीने त्याबद्दल आईसमोर शपथ घेतली. मशीनवाले आले, झुडपाजवळ क्षणभर थांबले, आत येऊन कामाला लागले. मावशीचं शिवणीत लक्ष लागेना. शेवटी तेच म्हणाले, "तुम्ही काळजी करू नका. ही फुलं मी धरत नाही. हवा बिघडलीय म्हणून झाड चुकलं. तुम्ही उन्हाळ्यातच सांगा."

खरं तर मावशीने सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. पण ती उसळली. "चुकलं? एवढं भरभरून फुललंय आणि तुम्ही चुकलं म्हणता? माझ्या झाडाला नावं ठेवू नका हं!"

"बरं, नाही ठेवत."

"मोगरा फुललाय. फुललाय म्हणजे फुललाय."

मशीनवाल्यांच्या हातातून स्क्रू सुटून घरंगळत कपाटाखाली गेला. तो शोधायला दोघंही जमिनीवर ओणवी झाली, आणि त्या अवस्थेतच मावशीने अटी घातल्या. आरसा गिऱ्हाइकांचा. रेडिओला हात लावायचा नाही. तोंडात टाचण्या असताना प्रश्न विचारायचे नाहीत.

"आणि माझी हत्यारं?" त्यांनी कपाटाखालूनच विचारलं.

"मागच्या खोलीत. शिवणाच्या टेबलावर तेलाचा एक डाग दिसला तर बघा."

स्क्रू सापडला नाही, लग्न मात्र त्याच महिन्यात झालं. सरकारी कचेरीत सह्या करून दोघं परस्पर कामाला गेली, कारण कोणाचा तरी कोट संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. पुढे मागच्या खोलीतून रोज ठोकाठोकीचा आवाज येऊ लागला. तो ऐकू येऊ नये म्हणून मावशी रेडिओ वाढवायची, आणि रेडिओच्या आवाजातही आपलं बोलणं ऐकू जावं म्हणून मशीनवाले, म्हणजे आता आमचे काका, ओरडून विचारायचे, "चहा टाकू का गं?" सगळी गल्ली ऐकायची. एरवी अबोल म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस इतक्या मोठ्याने बोलू शकतो, हे आम्हाला तेव्हाच कळलं.