दुसऱ्या फेरीचा आकडा

माझं नाव लस्मिनी. जावातल्या आमच्या डोंगरावरच्या शाळेत मी गणित शिकवते, आणि मला इंग्रजी येत नाही हे आधीच सांगून टाकते. तरी या शाळेतून इंग्रजीच्या शिकवण्यावर जेवढी संशोधनं वर गेली, त्या सगळ्यांचे तक्ते माझ्या हातचे. आमच्यात नोकरीतली पायरी चढायची तर शिक्षकाने आपल्याच वर्गावर संशोधन करायचं असतं. पहिली फेरी, मग शिकवण्यात काहीतरी बदल, मग दुसरी फेरी. दुसऱ्या फेरीत आकडा वर गेलाच पाहिजे असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. पण खाली गेलेला आजवर कुणी बघितलेला नाही.

बू विनार्सिह यांचा खाली गेला. एकाहत्तरवरून चोपन्नावर.

बू विनार्सिह, म्हणजे विनार्सिह बाई, इंग्रजी शिकवायच्या. वय एकोणसाठ, वर्षअखेरीस निवृत्ती. एकवीस वर्षं एकाच पायरीवर बसलेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेला सुगेंग आमचा मुख्याध्यापक झाला, आणि सभेत त्याच्यामागे दोन रांगा सोडून त्या बसायच्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मला ते डाचायचं. ही शेवटची संधी होती. कागद महिनाअखेर वर जाणार, त्याआधी शाळेत सगळ्यांसमोर अहवाल वाचायचा, आणि वरून आलेल्या तपासनीस बाई ऐकणार. नापास झाला की पुन्हा करायला वेळच नव्हता.

आता हा आकडा घसरला कसा ते ऐका. पहिल्या फेरीत बूंनी आपला तास फोनवर टेप केला आणि घरी बसून ऐकला. चाळीस मिनिटांत त्यांनी सव्वीस वेळा विचारलं होतं, समजलं का? आणि सव्वीस वेळा अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला होता, येस मॅम. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलांना आपल्या जावानीत विचारलं, "त्या धड्यातल्या कोळ्याचं शेवटी काय झालं रे?"

धड्यात कोळी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

यात मुलांचा दोष नाही. मोठं माणूस बोललं की आम्ही जावानी माणसं 'इंग्गिह' म्हणतो. त्याचा अर्थ 'हो' असतो, पण म्हणजे नुसतं ऐकलं. पटलं का, कळलं का, करणार का, ते ज्याचं त्याने ओळखायचं. आमच्यात म्हणच आहे, इंग्गिह-इंग्गिह म्हणणारा कधी हाती लागत नाही. मुलांनी त्या इंग्गिहचं इंग्रजी केलं होतं, एवढंच.

"मग त्यांना एकाहत्तर गुण पडले कुठून?" मी विचारलं.

"शेजारच्याच्या पेपरातून," बू म्हणाल्या. "उरलेले अंदाजपंचे."

तेव्हा दुसऱ्या फेरीसाठी बाईंनी मुलांना तीन इंग्रजी वाक्यं शिकवली. मला समजलं नाही. पुन्हा सांगा. थोडं थांबा. तासभर नुसतं हेच बोलायचं, तेही बाईंच्या तोंडावर. पहिले चार दिवस एकाची जीभ उचलेना. बटाट्याच्या वावरात आईबरोबर राबणारी इस्तिकोमा म्हणून मुलगी आहे, ती पाचव्या दिवशी उठली आणि म्हणाली, पुन्हा सांगा. म्हणाली आणि रडायला लागली, कारण बाईंचा अपमान केला असं तिला वाटलं. बूंनी तेवढा उतारा तिच्यासाठी पुन्हा वाचला. मग हळूहळू बाकीचे उठायला लागले.

आणि परीक्षेत बाईंनी सांगितलं, येत नसेल तिथे ठोकून देऊ नका. 'माहीत नाही' लिहा, मी रागावणार नाही. मुलांनी लिहिलं. पानंच्या पानं 'माहीत नाही'. सरासरी चोपन्न. पण बत्तीसपैकी एकोणीस जणांनी समासात आपणहून प्रश्न लिहिले होते, इंग्रजीत, मोडकेतोडके. या शब्दाचा अर्थ काय, हे वाक्य असं उलटं का. बूंनी ते पेपर माझ्या टेबलावर पसरले आणि बघत बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

माझं मात्र डोकं फिरलं. "बू, समासातल्या प्रश्नांना तक्त्यात रकाना नाही," मी म्हणाले. "तिथे आकडा लागतो. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय तुम्ही."

"आकडा आहे की. चोपन्न."

"चोपन्नाला कुत्रं विचारत नाही. मी ब्याऐंशी करते. एका रात्रीचं काम आहे, कुणाला पत्ता लागणार नाही."

"लस्मिनी, चोपन्नच लिही," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी म्हणाले, "इंग्गिह."

ज्या बाईने वर्षभर याच एका शब्दाचा माग काढला, तिला माझ्या तोंडचा तो शब्द ओळखता आला नाही. विश्वास होता माझ्यावर. मी घरी जाऊन ब्याऐंशी लिहिलं, त्याबरहुकूम बत्तीस मुलांचे गुण पाडले, आलेख काढला आणि फाइल थेट सुगेंगच्या संगणकावर चढवली. मला वाटलं होतं, पडद्यावर आकडा आला की एवढ्या लोकांसमोर बू काही बोलणार नाहीत. बोलून करणार काय? मन खाईल दोन दिवस, आणि पायरी तर मिळेल.

गुरुवारी सगळे बाटिकचे सदरे घालून जमले. शेजारच्या दोन शाळांतलेही शिक्षक आले होते. प्रत्येकाच्या मांडीवर खाऊचा पुठ्ठ्याचा डबा. तपासनीस बाई पुढच्या खुर्चीत. त्यांचं नाव हेस्ती, वयाने माझ्याहून लहान, पण बोलणं असं की समोरच्याने आपोआप पाय जवळ घ्यावेत. बूंनी टेपची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले. कोळ्याची सांगितली तेव्हा तर सुगेंगसुद्धा हसला. मला वाटलं, निभावलं. मग पडद्यावर माझा तक्ता आला.

बू तक्त्याकडे बघत राहिल्या. मी डब्यातला लेम्पर, केळीच्या पानात गुंडाळलेला भात, सोलत होते, तो तसाच हातात राहिला. त्या माझ्याकडे वळल्या असत्या तर मी मान हलवून सांगितलं असतं, चालू द्या, पुढे चला. त्या वळल्याच नाहीत.

"पडद्यावरचा आकडा चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या फेरीची सरासरी चोपन्न."

बू हेस्ती यांनी चष्मा पुसला. "टाइप करताना चूक झाली असेल."

"इंग्गिह," बू विनार्सिह म्हणाल्या.

"पण आलेखसुद्धा ब्याऐंशीचा आहे. मुलांचे गुणही. हा तक्ता कुणी केला?"

हॉलमध्ये पन्नास माणसं, त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक होतं की या शाळेत तक्ते कोण करतं. सुगेंगला तर पक्कं ठाऊक. तो बुटाकडे बघत बसला. मला उठायचं होतं. खरं सांगते, गुडघ्यांत जोर आणलासुद्धा होता. पण उठले नाही.

"अहवाल माझा आहे," बू म्हणाल्या. "जबाबदारी माझी."

"मग तुमचा प्रयोग फसला," बू हेस्ती म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "दुसऱ्या फेरीत मुलं सतरा गुणांनी मागे गेली. असा अहवाल वर गेला तर काय होईल, हे तुमच्यासारख्या जुन्या शिक्षिकेला मी सांगायला नको. समजलं ना?"

इथे जो तो इंग्गिह म्हणतो. आम्ही सगळे मनातल्या मनात म्हणालोही असू.

"मला समजलं नाही," बू विनार्सिह म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

त्यात उर्मटपणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, वही उघडून, पेन हातात घेऊन. "मुलांनी नक्कल केली तेव्हा एकाहत्तर आले. खरं लिहिलं तेव्हा चोपन्न. यात मुलं मागे कधी गेली, ते मला कळलं नाही. तेवढं सांगाल का?"

बू हेस्ती यांनी घड्याळ बघितलं. "पुढचा अहवाल घ्या," त्या सुगेंगला म्हणाल्या.

पुढचा अहवाल माझा होता. भूमितीवरचा. मी उभी राहिले, सगळं घडाघडा वाचलं, आणि माझ्या दुसऱ्या फेरीवर कुणी एक प्रश्न विचारला नाही.

बाहेर ओट्यावर बू एकट्या भेटल्या. मी म्हणाले, "बू, मी तुमच्या भल्यासाठी केलं."

"माहीत आहे गं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या पोरांना मी काय सांगितलं असतं?" आणि माझा हात हातात घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दीड महिन्याने गठ्ठा परत आला. त्यांच्या अहवालावर एकच ओळ होती, सुधारणा दिसत नाही, अमान्य. खालचा अहवाल माझा. मंजूर. मी एक पायरी वर गेले, बू विनार्सिह होत्या तिथेच राहिल्या आणि तीन आठवड्यांनी निवृत्त झाल्या.

बातमी कळली तशी त्या माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या. घरचे तेंपे केमुल, म्हणजे पिठात तळलेले सोयाबीनचे काप, आणले होते, गरम, कागदात गुंडाळून. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "चौसष्टवरून एकोणनव्वद. एवढा फरक कसा पडला ते मला शिकायचंय. तुझ्या मुलांचे दुसऱ्या फेरीचे पेपर दोन दिवस वाचायला देशील का?"

टोमणा असता तर मी ओळखला असता. टोमणा नव्हता.

"उद्या आणते," मी म्हणाले.

पेपर नव्हतेच. ती परीक्षा मी कधी घेतली नव्हती.