मोजणीचा दगड

पाटाच्या कडेला आमच्या शेजारच्या सुमनकाकू गोधडी आपटत होत्या. धुण्याच्या दगडावर लाल बाण दिसला आणि मी थबकलो. कारखान्याची हद्द आखायला मोजणीवाल्यांनी आमच्या खाचरांत पुरलेल्या दगडांपैकीच तो एक होता.

कारखाना आला असता, तर पाटाचं पाणी आधी त्याला गेलं असतं. म्हणून गावाने पाण्याची पाळी पहाऱ्याला लावली. ज्या घराचं पाणी, त्या घराने त्या दिवशी पाटावर बसायचं आणि मोजणीवाले दिसले की थाळी बडवायची.

परवा कारखाना रद्द झाल्याचं कळलं. मला वाटलं, आता गुलाल उधळणार. पण जो तो कुदळ घेऊन आपल्या खाचरात पाणी वळवायला गेला. बांध फोडल्यावर पाणी कोरड्या मातीत शिरताना जेवढा आवाज होतो, तेवढाच त्या दिवशी गावात झाला. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"काकू, हा दगड फेकून नाही दिलात?"

"फेकायचा कशाला? चांगला खरखरीत आहे." काकू बाणावर टाच घासत म्हणाल्या, "रंग काही जात नाही मेल्याचा. टाचा मात्र मऊ झाल्या हो माझ्या!"