लाकूड धरणारा

मी कॉलेजसाठी पुण्याला निघालो त्या सकाळी दारात बैलगाडी जुंपलेली होती. आईनं हातावर दही ठेवलं होतं, गल्लीतली चार माणसं जमली होती, आणि माझे वडील परसात लाकडं फोडत होते. गाडीवानानं दोनदा हाक मारली, तरी अप्पा आले नाहीत. शेवटी मीच मागं गेलो. अंगात नवा कोट होता.

अप्पांनी वर पाहिलं नाही. "एवढं एक ऱ्हायलंय," म्हणाले. "धर."

मी कोट काढून भिंतीवर टाकला आणि लाकूड धरलं. आमच्या मैंदर्गी गावात राहिलेल्यांना यात काही सांगायला नको. पण तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि आता शेगडीवर चहा करतात, त्यांच्यासाठी लिहितो. बाभळीचं लाकूड सरळ उभं राहत नाही. एकानं ते ठोकळ्यावर, मागच्या ओंडक्याला टेकवून धरायचं. फोडणारा कुऱ्हाडीचं पातं त्याच्या डोक्यावर टेकवतो, भेग कुठं आहे ते बघतो. मग धरणारा हात काढतो, एक पाऊल मागं सरतो आणि "हू" म्हणतो. "हू" ऐकू आल्याशिवाय कुऱ्हाड वर जात नाही, आणि "हू" म्हटल्यावर हात पुन्हा पुढं जात नाही. लाकूड पडलं तर पडू द्यायचं. आमच्या घरात एखाद दिवशी पूजा चुकली तर अप्पा गप्प बसत. हे चुकलं की कानाखाली वाजत असे.

मी "हू" म्हटलं. एका घावात दोन फाका झाल्या. अप्पांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "जा आता. गाडी चुकंल." माझा निरोप एवढाच झाला.

मी बी. ए. झालो. आमच्या घरात पहिला, आणि आमच्या गल्लीतही पहिला. हे मी मिरवून सांगतो, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. माझ्या आज्याला अंगठा उठवण्यापलीकडं काही येत नव्हतं. पुढं सोलापुरात हायस्कुलात मास्तरकी मिळाली. चाळीत एक खोली घेतली, मंद्रूपची पार्वती लग्न होऊन घरात आली. गावात कोंबडं आरवलं की उठायचो, इथं गिरणीचा भोंगा उठवतो. गावात शेताच्या बांधावरची बाभळ तोडायची, इथं वखारीतून जळण आणायचं. हळूहळू मी शहरातला झालो. हात इतके मऊ झाले की खडूची भुकटी बोटांत चरचरायची.

मग आई गेली. अप्पा एकटे. मी पत्रांवर पत्रं पाठवली, शेवटी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आलो. मार्गशीर्षातली गोष्ट. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती, म्हणून स्टेशनावर उतरताच बाजारात नेऊन त्यांना एक लोकरीची कानटोपी घेऊन दिली. मास्तराच्या बापानं डोक्याला फडकं गुंडाळून चाळीत यावं, हे मला नको होतं. थंडी हे निमित्त होतं, आता खरं ते लिहितो.

अप्पांनी टोपी चाचपली. "लई मऊ हाय," म्हणाले आणि पिशवीत ठेवून दिली.

दुसऱ्याच दिवशी वखारीतून ओंडके आले, बरोबर फोडायला एक माणूस आला. अप्पांनी त्याला दारातूनच परत पाठवला आणि आपलं गाठोडं बांधायला घेतलं.

"अप्पा, हे काय?"

"काय म्हंजे? बसून खायाला मी काय पाव्हणा हाय? मी काम करीन, न्हायतर मैंदर्गीला जाईन. कुराड कुटं हाय?"

पार्वतीनं कुऱ्हाड आणून दिली. अप्पांनी दांडा हलवून बघितला आणि तोंड वाकडं केलं. थंडीच्या कोरड्या हवेत दांडा आकसतो, पातं ढिलं होतं, आणि ढिलं पातं घावाबरोबर उडून समोरच्याच्या तोंडावर जातं. त्यांनी कुऱ्हाड बादलीत उलटी बुडवून ठेवली. दुसऱ्या दिवशी लाकूड फुगून पातं घट्ट बसलं. मला हे सगळं माहीत होतं. मी ते विसरलो होतो, एवढंच.

तेव्हापासून रोज सकाळी चाळीच्या अंगणात अप्पा लाकडं फोडू लागले आणि पार्वती धरू लागली. समोरच्या खोलीतले गोविंदराव कचेरीत कारकून. दात घासत ओट्यावर उभे राहायचे.

"काय मास्तर, वडिलांना कामाला लावलंत? बी. ए. होऊन एक गडी परवडेना?"

माझे कान तापले. अप्पा मात्र कुऱ्हाडीवर रेलून म्हणाले, "गडी कशाला? त्यो लाकूड धराया शिकंस्तवर मी हाय की."

सगळी चाळ हसली. मीही हसलो, पण आतून जळत होतो.

पाच-सहा दिवसांनी पार्वतीनं मला चुलीपाशी बसवलं. "अहो, रागवू नका. मामंजींना दिसत न्हाय."

"काहीतरीच काय!"

"ताटातली भाकरी हातानं चाचपून घेतात. काल माझ्याशी बोलत व्हते, अन् मी तर दुसऱ्या बाजूला उभी व्हते. लाकडावर पातं टेकवून टेकवून बघतात. मी 'हू' म्हनते, त्या आवाजावर मारतात."

दुसऱ्या दिवसापासून लाकूड मी धरू लागलो, आणि पार्वतीचं बोलणं खरं निघालं. पहाटेच्या धुरकट उजेडात अप्पांच्या बुबुळांवर दुधासारखी साय दिसली. पातं टेकवल्यावर ते मान थोडी वाकडी करून थांबायचे, ते कान माझ्याकडं करायला. इतकी वर्षं मैंदर्गीत कुणाला कळलं नाही, कारण तिथल्या खुंटी न् खुंटीवर त्यांचा हात आपोआप जात होता. मीच त्यांना तिथून उचलून अशा जागी आणलं होतं, जिथं त्यांना दारसुद्धा शोधावं लागे.

मी बोलायला हवं होतं, पण बोललो नाही. बोललो असतो तर कुऱ्हाड काढून घ्यावी लागली असती, आणि कुऱ्हाड काढून घेतली असती तर गाठोडं बांधलं गेलं असतं. मैंदर्गीच्या रिकाम्या घरात हा माणूस दिसत नसताना एकटा चूल पेटवणार. तेव्हा मी ठरवलं की धरायचं मीच आणि सावध राहायचं. पंधरा दिवस मी रोज माझे दोन्ही हात त्या पात्याखाली घातले. वर्गात फळ्यावर लिहिताना बोटांकडं नजर जायची.

पौष लागताच थंडीचा कडाका वाढला. तोंडातून वाफ निघत होती. ठोकळ्यावर दव साचून तो ओला झाला होता. अप्पांचा नेम होता, आधी शेकोटीवर बोटं शेकायची, मग कुऱ्हाड धरायची. बधिर बोटांना दांडा कळत नाही. त्यांनी बोटं शेकली. मी शेकली नाहीत, शाळेची घाई होती. कोटही काढला नाही, गारठा फार होता. शिवाय मी खोलीत जाऊन ती कानटोपी काढली, आणि अप्पा नको नको म्हणत असताना त्यांच्या डोक्यावर चढवून कानांवरून खाली ओढली. "आजारी पडाल," म्हटलं. वाटलं, चांगला मुलगा आहे मी.

पहिली दोन लाकडं नीट फुटली. मी "हू" जरा मोठ्यानं म्हणत होतो, का ते माझ्या ध्यानात आलं नाही.

तिसरं लाकूड गाठीचं होतं. अप्पांनी पातं टेकवून भेग चाचपली. मी हात काढला, मागं सरलो, "हू" म्हटलं. कुऱ्हाड वर गेली, आणि त्याच वेळी ओल्या ठोकळ्यावरून लाकूड घसरलं. ते सावरायला माझा उजवा हात आपोआप पुढं गेला. लहानपणापासून जे करायचं नाही म्हणून मार खाल्ला, तेच मी केलं.

"अप्पा!" मी ओरडलो. समोर गोविंदरावांच्या हातातला तांब्या खाली पडला. सगळ्या चाळीला ऐकू गेलं. लोकरीत गुंडाळलेल्या दोन कानांना तो आणखी एक "हू"च वाटला असावा.

घाव बसला. मला दुखलं नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. हात ओढून बघितला तर येईना. पातं कोटाच्या बाहीतून आरपार जाऊन लाकडात रुतलं होतं. मनगट त्याच्या शेजारी, पात्याला चिकटून.

अप्पांनी कुऱ्हाड उपसायला हिसका दिला, तिच्याबरोबर माझा हात हलला. ते थांबले. दांड्यावरून, मग पात्यावरून त्यांची बोटं सावकाश खाली आली आणि कोटाच्या कापडावर थांबली.

त्यांनी टोपी ओढून फेकली. "कापड हाय?"

"हो."

"हात?"

"आहे, अप्पा."

त्यांना ते पटलं नाही. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव सांगतात, तशी त्यांनी माझी बोटं एकेक दाबून मोजली. पाच भरली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा अंगठ्यापासून सुरू केलं.

"काणसंगिल्ल," ते म्हणाले.

आमच्या घरात रोजचं बोलणं मराठीत, पण अगदी आतलं, दुखलं-खुपलं ते कानडीत. काणसंगिल्ल म्हणजे दिसत नाही. एवढंच म्हणाले आणि ठोकळ्यावर बसले. पार्वतीनं कात्रीनं बाही कापून मला सोडवलं. गोविंदरावांनी ती कुऱ्हाड उचलून आपल्या खोलीत नेली.

"मला ठाऊक होतं," मी अप्पांना म्हणालो.

"कवापासनं?"

"पंधरा दिवस."

"अन् तरी हात घालत व्हतास?" त्यांनी माझ्याकडं तोंड केलं. "एवढं शिकून काय उपेग रं तुजा? बोलायचं की."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

अप्पांनी गाठोडं बांधलं नाही.

नाताळच्या सुटीत आम्ही तिघं मिरजेला दवाखान्यात गेलो. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, तो डॉक्टरांनी काढला. पुढं एका डोळ्यानं त्यांना जाड चष्म्यातून दिसायला लागलं, दुसरा गेला तो गेलाच. पण मला सांगायचं आहे ते पट्ट्या सुटायच्या आधीच्या एका दुपारचं. डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, उशीला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. दिसेल की नाही, कुणी सांगत नव्हतं. अप्पा घाबरले होते. तसं ते म्हणाले नाहीत, म्हणाले, "घर सांग."

"कुठलं?"

"आपलं. दारातनं सुरू कर."

मी सुरू केलं. ओटा, दार, उजवीकडं कोनाडा, माजघर, मागचं दार, परसातला लिंब.

"लिंब कुटनं आनलास? चार वरसं झाली पडून."

बरं, म्हटलं, मग डावीकडं गोठ्याचं दार.

"ते बुजवलं. आता रस्त्याकडनं हाय." मग जरा थांबून म्हणाले, "मास्तर, तुला बी दिसत न्हाय की रं!"

मला हसू आलं. त्यांना हसायची मनाई होती, त्यांचं नुसतं पोट हललं.

"ऱ्हाऊ दे. सोलापूरचं सांग. ते तर मी पायलंच न्हाय. दारापासनं चुलीपतूर किती पावलं?"

दोन वर्षं मी त्या खोलीत राहत होतो. भाडं भरत होतो, पत्ता लिहीत होतो. पावलं मला सांगता येईनात. ज्या घरातून निघालो ते, महिन्यामागं जाऊन आलो तरी, माझ्या डोक्यात जुनंच राहिलं होतं, आणि जिथं आलो ते मी अजून नीट बघितलं नव्हतं.

"सात," पायथ्याशी बसलेली पार्वती म्हणाली. "पाचव्या पावलाला एक फरशी वर आलीया, तितं तुमी दोनदा ठेचाळलात. चूल डाव्या अंगाला, पाण्याचा रांजण तिच्याम्होरं."

"अन् रांजणावर उजेड कुटनं येतो?"

"वर झरोका हाय, मामंजी. सकाळचं ऊन तेवढं येतं."

"सांग, पोरी, तूच सांग. मास्तर ऐकंल."

ती सांगत गेली, अप्पा विचारत गेले, आणि मी त्या दोघांच्या मधे बसून माझं घर ऐकत राहिलो.