जो मरायला हवा होता तो भात

आमच्या काळेवाडीच्या सोसायटीत माझं नाव 'विषारी तांदूळवाली' असं पडलंय. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण सोसायटीच्या गणपतीत प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा असतो, आणि माझ्या मसालेभाताचं पातेलं सगळ्यात शेवटी रिकामं होतं, त्यावरून कळतं. मी दरवर्षी मुद्दाम मसालेभातच करते.

काम माझं एवढंच. चाकणच्या एमआयडीसीत, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या दोन शेडच्या मधे आमची छोटीशी प्रयोगशाळा आहे. तिथे मी भातात एक परका जनुक घालते. तणनाशक फवारल्यावर तण मरावं आणि भात उभा राहावा, यासाठी. असल्या भाताला शेतात जायची परवानगी नाही. माझी रोपं दुहेरी दाराच्या हरितगृहातून बाहेर पडत नाहीत, त्यांचा काडीकचरासुद्धा आम्ही जाळून टाकतो. तेव्हा सोसायटीतल्या कुणाच्या पोटात तो जायची सोयच नाही. पण हे ऐकून कोण घेतं?

लोकांच्या सगळ्या शंका खुळचट नसतात. तणनाशक वारेमाप वापरलं जाईल, उद्या तणही निगरगट्ट होईल, बियाणं कंपन्यांच्या मुठीत जाईल, या शंका मलाही आहेत, आणि त्यावरून मी प्रयोगशाळेत भांडतेसुद्धा. पण ज्यांनी जन्मात कधी भाताच्या खाचरात पाय घातला नाही, ते जेव्हा मला सांगतात की 'पूर्वी बायका गाणी म्हणत हाताने तण काढायच्या, काय गोडवा होता त्यात', तेव्हा माझं डोकं सटकतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय?

तो गोडवा माझ्या आईच्या पायांच्या बोटांमधे आहे. बेणणीच्या, म्हणजे तण काढायच्या दिवसांत तिला चिखल्या होतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, मग फाटतात, आणि तेच पाय घेऊन ती दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरते. दिवसभर कमरेत वाकून लव्हाळा उपटायचा, भातासारखंच दिसणारं गवत पारखून काढायचं, आणि बांधावर पोचल्यावर मागे बघायचं तर पहिल्या खाचरात पुन्हा हिरवं डोकं वर आलेलं.

आईचं गाव चाकणच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला आहे. पूर्वी तिथे सावड चालायची. आज सगळ्या बायकांनी आमच्या शेतात बेणायचं, उद्या सगळ्यांनी शेजारणीच्या. आता सकाळी कंपनीची गाडी फाट्यावर येते आणि त्याच बायका, त्यांच्या सुना, डबे घेऊन गाडीत बसतात. कुणी पॅकिंगला, कुणी कॅन्टीनला. मी त्यांना दोष देणार नाही. पंख्याखाली काम, पाठ सरळ, महिन्याच्या महिन्याला पगार. मी त्यांच्या जागी असते तर गाडीत सगळ्यात पुढची सीट पकडली असती. पण त्यामुळे शेतात उरली एकटी आई. ती जमीन विकत नाही, पडीक ठेवत नाही आणि माझ्याकडे राहायलाही येत नाही.

आणि माझ्या भातावर तिचा काडीचा विश्वास नाही.

"औषध मारून बी जित्ता ऱ्हातो, त्यो भात माणसानं खायाचा व्हय?" ती म्हणते.

"अगं, औषध झाडात नेमकं कुठे काम करतं ते आधी समजून घे..."

"मला न्हाई शिकवायचं. तुज्या आधीपासनं वळखते मी भाताला."

ती नाही म्हणाली की मला आणखी चेव येतो. हा स्वभाव तिच्याकडूनच आलाय. तिचं ते एकटीचं वाकणं तिच्या हयातीत थांबवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. बाकी कंपनीला काय हवं होतं ते कंपनी जाणे.

गेल्या पावसाळ्यात माझी रोपं फवारणीजोगी झाली. एका ट्रेमधे माझा भात, शेजारच्या ट्रेमधे साधी इंद्रायणी, आई लावते तीच. दोन्हींवर एकच औषध, एकाच हाताने. साधा भात मेला पाहिजे आणि माझा जगला पाहिजे, अशी ती परीक्षा. पंधरवडा गेला. माझा भात हिरवागार उभा होता. आमचे साहेब हरितगृहात आले, त्यांनी दोनदा डोळे पुसले आणि तासाभरात सगळ्यांच्या हातावर पेढा ठेवला. मुख्य कचेरीला फोनसुद्धा करून मोकळे झाले. तिकडचे लोक आणखी पंधरवड्याने बघायला येणार होते.

माझा पेढा हातातच राहिला. मी दुसऱ्या ट्रेकडे बघत होते.

"साहेब, हा मेला नाहीये."

इंद्रायणीची टोकं जराशी पिवळी पडली होती, एवढंच. मधून नवं पान फुटत होतं.

साहेबांनी पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. तो ट्रे आत घ्या. पाहुण्यांना आपला भात दाखवायचा, साधा कशाला?"

"साधा मेल्याशिवाय आपला जगला असं म्हणायचं कसं?"

"या हंगामात काही दाखवलं नाही तर हा विभाग बंद करतील. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. साहेब लबाड नव्हते. आमच्यासाठी त्यांनी वरच्यांच्या किती शिव्या खाल्ल्यात ते मी पाहिलंय. पण मी ट्रे हलवला नाही. म्हटलं, "तुम्ही हलवा. तुमच्या हाताने हलवा." त्यांनीही हलवला नाही.

मी हात धुवायला हरितगृहातल्या नळाशी गेले. साबण चोळत राहिले, फेस काही येईना. मग एकदम लक्षात आलं. पाणी शुद्ध करायचं आमचं यंत्र महिनाभर बिघडलेलं होतं आणि टाकीत टँकरचं पाणी पडत होतं. बोअरचं, क्षारांनी जड झालेलं. फवारणीचा पंप त्याच टाकीवर भरला होता. असल्या पाण्यातले क्षार औषधाला धरून बसतात, त्याचा जोर पानापर्यंत पोचतच नाही. म्हणजे आम्ही भाताला मारलंच नव्हतं, आणि तो जगला म्हणून पेढे वाटत होतो.

मी आतून विकतच्या शुद्ध पाण्याचे कॅन आणले आणि नव्याने औषध कालवलं. साहेब दारात उभे राहिले.

"मेला तर?"

"मेला तर मेला."

"आणि पाहुण्यांना मी काय सांगू?"

"खरं सांगा. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगेन."

बोलायला सोपं होतं. पण ती रोपं मी काचेच्या बशीतल्या पेशींच्या पांढऱ्या गोळ्यापासून वाढवली होती, कितीतरी सणवार त्यांच्यापायी बुडवले होते. एक क्षण वाटलं, ठेवावा पंप खाली, घ्यावा तो पेढा तोंडात. त्या वाटण्याचा मला इतका राग आला, की मी माझ्याच ट्रेवर आधी फवारलं.

पाहुणे आले तोवर इंद्रायणी वाळून आडवी झाली होती. शेजारी माझा भातही पिवळा पडून माना टाकत होता. एखाद्या रोपाच्या पोटात हिरवं दिसायचं, मी जीव मुठीत धरून रोज बघायची, आणि दुसऱ्या दिवशी तेही गेलेलं असायचं. एकही वाचलं नाही. मी ट्रेजवळ उभी राहिले आणि सांगितलं की हा भात तणनाशकाला टिकत नाही.

पाहुण्यांतल्या एकाने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "मग मागे आम्हाला जे कळवलं ते काय होतं?"

"टँकरचं पाणी," मी म्हणाले.

साहेबांनी तोंड फिरवलं. विभाग बंद झाला नाही, पण आमची जागा निम्मी झाली आणि पुढच्या हंगामापर्यंतची शेवटची मुदत मिळाली. सोसायटीतही कुठून तरी बातमी पोचली. एक बाई लिफ्टमधे म्हणाल्या, "झालं ते बरंच झालं म्हणायचं." मी त्यांना म्हटलं, येत्या गणपतीत मोठं पातेलं आणणार आहे.

घरी आल्यावर मात्र मी दार लावून रडले. हरल्याचं वाईट वाटत नव्हतं असं म्हणणारी माणसं खोटं बोलतात.

रविवारी आईकडे गेले. ती खाचरात एकटीच होती, वाकलेली. मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिच्या शेजारच्या ओळीत उतरले.  बांधापर्यंत आम्ही नुसतं तण उपटत गेलो.

"तुजा भात काय म्हनतोय?" शेवटी तिने विचारलं.

"मेला."

"समदा?"

"सगळा."

मला वाटलं, आता ती म्हणणार, मी सांगत नव्हते का. ती कमरेवर हात ठेवून सरळ व्हायला लागली. तिला सरळ व्हायला फार वेळ लागला. मग तिने माझ्याकडे असं रागाने पाहिलं, जसं लहानपणी शाळा बुडवल्यावर पाहायची.

"मग तू हितं चिखलात काय करतीस?" ती म्हणाली. "जा, दुसरा लाव."