दुसऱ्यांच्या ताटांत डोकावताना

एका सोमवारी सकाळी माझी बायको मालती गेली. त्यानंतर वर्षभराने माझी नात ईरा हट्टाने मला वॉटर पार्कला घेऊन आली. दुपारी निथळत्या केसांनी म्हणाली, "आबा, जाम भूक लागलीये. कुठे जेवायचं?"

समोर आठ-दहा स्टॉल होते. मी पाट्या वाचू लागलो.

"आबा, पुस्तक नाहीये ते!"

बाहेर कुठे जेवायचं, ते मालतीच ठरवायची. ती पाट्या वाचत नसे. लोकांच्या ताटांत डोकावून खुशाल विचारायची, आणि मी लाजून लांब उभा राहायचो. आज मीच धीर करून एका बाईंना विचारलं, "कसं आहे हो?"

"छोले नका घेऊ, नुसतं पाणी आहे. थालीपीठ घ्या. थांबा, आधी चाखून बघा!" त्यांनी तुकडा मोडून ईराच्या हातावर ठेवला.

मालतीच्या या सवयीला मी आगाऊपणा म्हणत आलो. अनोळखी माणसंही विचारलं की किती आनंदाने सांगतात, हे तिला आधीपासून ठाऊक होतं.

ईराने दोन थालीपिठं खाल्ली आणि लोण्यासाठी माझ्याशी भांडली.

आता घरात ईरा, तिचे आईबाबा आणि मी आहोत. बाहेर कुठे जेवायचं, ते मी ठरवतो.