शेपटी ओढून पाहिलेला कुत्रा

घरात दोन लहान मुलं, म्हणून कुत्रा गरीब स्वभावाचा हवा होता. एकांकडे लॅब्राडॉर विकायचा आहे असं कळलं, म्हणून आम्ही सगळे बघायला गेलो. कलिंगड ठोकून घ्यावं, तशी मी त्या लॅब्राडॉरची शेपटी ओढून पाहिली. तो गुरगुरलासुद्धा नाही.

मालक म्हणाले, "बघा साहेब, या जातीला रागच नाही."

मग आमच्या धाकटीने त्याचा कान पिरगळला. तो नुसता भिंतीकडे बघत राहिला. ऑफिसात बोलणी खाताना मीही असाच कॅलेंडरकडे बघत उभा असतो. राग येत नाही, वाईट वाटत नाही, खरं तर काहीच वाटत नाही. लोक मला शांत म्हणतात.

परतताना बायकोला विचारलं, "मग हाच आणायचा ना?"

"आणू या," ती म्हणाली. "फक्त तो चावत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं पोरांना वाटायला नको."